हॉलमधली बालवाडी आणि तुंबलेलं बेसिन

साठे काका, ए-१०१: सेक्रेटरी साहेब, हॉलचं बेसिन आज पुन्हा तुंबलंय. माती, तांदूळ आणि रंगाचं पाणी. फोटो टाकलाय. सकाळी साडेनऊपासून रडारड, मग टाळ्या, मग गाणी. आमच्या हिची अँजिओप्लास्टी होऊन महिना झालेला नाही. जनरल बॉडीत हेच ठरलं होतं का, तेवढं सांगा.

शिर्के, ए-४०३: हॉलच्या विजेचं काय? सबमीटर बसला का?

पाटील, सेक्रेटरी: काका, प्लंबरला फोन केलाय, संध्याकाळी येतो. वहिनी बऱ्या आहेत ना?

साठे काका: बरी आहे. झोप मिळाली तर आणखी बरी होईल.

मोरे, डी-२०१: काका, रडण्याचा आवाज आमच्याकडूनही येत असेल. पोरगी दहावीला गेलीय 😄

चिन्मयचे बाबा, डी-४०२: विषय निघालाच आहे तर. वृषाली मॅडम, राग मानू नका. चिन्मय साडेतीन वर्षांचा झाला, अजून 'अ' काढत नाही. माझ्या साडूचा मुलगा तेवढाच आहे, तो ५० पर्यंत आकडे लिहितो. चिंचोके वेचायला तर घरीही शिकवता येतं.

कांबळे, बी-१०२: मग शिकवा ना घरी. कोणी अडवलंय?

चिन्मयचे बाबा: मी मॅडमना विचारलं, तुम्हाला नाही.

पाटील, सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये 🙏

नाईक, सी-४०१: बी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

वृषाली, सी-२०३: काका, बेसिनबद्दल मनापासून सॉरी. नवीन मावशींनी मातीने भरलेली भांडी तिथेच विसळली. उद्यापासून मातीचं सगळं मागच्या नळावर, बादलीत. रडण्याचं मात्र खरं सांगते. जून आहे, चार मुलं नवीन आहेत. आईला सोडून राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात. पण पालकांनी मुलाचा डोळा चुकवून पळू नये. 'मी जेवणानंतर येते' असं सांगावं, टाटा करावं आणि खरंच निघावं. सांगून गेलेली आई परत येते, हे मुलाला चार दिवसांत कळतं. न सांगता गेली तर ते दुसऱ्या दिवशी दारातच पदर सोडत नाही. आणि कृपया कोणीही खिडकीतून डोकावू नका. एक चेहरा दिसला की शांत झालेली चारही पुन्हा सुरू होतात.

कांबळे: डी-४०२, वाचलंत का 👆

चिन्मयचे बाबा: मी एकदाच बघितलं. बापाने बघायचं पण नाही?

साठे काका: एकदा नाही. माझ्या गॅलरीसमोरूनच जाता तुम्ही.

शिर्के: सबमीटरचं कोणी बोलत नाहीये. परत विचारतोय.

वृषाली: चिन्मयच्या बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली सगळी हाडं अजून तयार झालेली नसतात, बोटांत ताकद यायची असते. आत्ता पेन्सिल दामटली तर ते मुठीत आवळून धरतं, हात दुखतो आणि लिहिणं नकोसं होतं. चिंचोका चिमटीत उचलतो तीच पुढे पेन्सिलची पकड. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, शर्टाचं बटण लावणं, ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे. चिन्मय काल चिंचोके आणि गुंजा वेगवेगळ्या वाट्यांत लावत होता आणि 'हे जास्त, हे कमी' म्हणत होता. ते गणितच आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि २०२२ च्या याच टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही खेळातून शिकवण्यावरच भर आहे. मी माझ्या मनाचं काही करत नाही.

चिन्मयचे बाबा: धोरण ठीक आहे. पुढच्या शाळेत मुलाखतीला 'अ' विचारला तर धोरण दाखवू का?

मोरे: आपल्या वेळी पाटी होती, पेन्सिल खायचो, तरी शिकलो 😂

नाईक: पांढऱ्या गाडीवाले!! टँकरवाला परत चाललाय.

मोरे: आलो आलो, माझीच आहे.

गोखले आजी, बी-३०४: मी एरवी ग्रुपवर लिहीत नाही. बत्तीस वर्षं बालवाडीत होते म्हणून आज लिहिते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. बिया, शिंपले, पानं, खडे हीच साधनं. नंतर तिथून जवळच्याच कोसबाडला त्यांना दिसलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटं भावंड कडेवर असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात केली, की धाकटं सांभाळलं जाईल आणि थोरली शिकेल. आपल्याकडे लोक पाळणाघर म्हणजे नुसती मूल ठेवायची जागा समजतात. ज्या मुलाला कोणी नीट भरवलं, धुतलं, थोपटलं, तेच मूल पुढे शिकायला बसतं. वृषाली आणि मावशी ते करतात. डी-४०२, मुलाखतीत तीन वर्षांच्या पोराला 'अ' काढायला लावणारी शाळा असेल तर दुसरी शाळा बघा.

कांबळे: आजी 🙏🙏 मी वॉर्डात बारा तास उभी असते ती या हॉलच्या जिवावर. आवाज होतो, मान्य. पण हे बंद झालं तर मला नोकरी सोडावी लागेल. हे कोणी मीटिंगमध्ये बोलत नाही.

साठे काका: बंद करा असं मी कुठे म्हटलं? वाक्य माझ्या तोंडी घालू नका. दुपारी १ ते ४ शांतता हवी आणि बेसिन स्वच्छ हवं. बस.

वृषाली: काका, १ ते ३ मुलं झोपतातच. त्यानंतरची गाणी मी ४ पर्यंत बंद ठेवते. त्या वेळेत गोष्ट आणि चित्रं. पावसाळ्यात बाहेर नेता येत नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

साठे काका: बघू आठवडाभर.

शिर्के: सबमीटर.

पाटील, सेक्रेटरी: शिर्के साहेब, वायरमन रविवारी येतोय. मार्चमध्येही सांगितलं होतं. बाकी ठरलं ते असं: मातीकाम मागच्या नळावर, ४ पर्यंत गाणी नाहीत, बेसिनला जाळी सोसायटीच्या खर्चाने.

शिर्के: सोसायटीच्या खर्चाने का?

पाटील, सेक्रेटरी: कारण दिवाळीत त्याच बेसिनमध्ये रांगोळीचे रंग आपणच धुतो.

चिन्मयचे बाबा: मॅडम, बरं. पण दिवाळीनंतर तरी रेषा काढून घ्याल ना?

वृषाली: रेषा आत्ताही काढतो. जमिनीवर खडूने, पूर्ण हात फिरवून. शनिवारी ११ ला या, आत बसून बघा. खिडकीतून नको 🙂 आणि सर्वांना विनंती: करवंट्या, आइसक्रीमच्या काड्या, मोठी बटणं, जुनी सुती ओढणी असेल तर हॉलच्या दाराशी खोक्यात टाका. धारदार किंवा प्लास्टिकचं बारीक काही नको, मुलं तोंडात घालतात.

कांबळे: वृषाली, आज रिलिव्हर आलेली नाही, मला आठ वाजतील. पिल्लूला सातनंतर आजींकडे सोडशील का? डब्यात खिचडी आहे, गरम करून दे फक्त.

गोखले आजी: मीच येते खाली न्यायला. खिचडी राहू दे, घरी भात आहे.