लिंक्डइनवर पॅटर्न शॉपवाल्यानं लिहायचं तरी काय?

शिरोलीकर_पॅटर्न

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, ज्या नमुन्याभोवती वाळू ठासून साचा करतात तो पॅटर्न. मी, दोन कारागीर आणि हप्ते अजून न फिटलेली एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. हात बसला सागवानावर, आता निम्मं काम अ‍ॅल्युमिनियमचं. आजवर कामं आली ती फाउंड्रीवाल्यांच्या तोंडून. कुणी कुणाला सांगितलं, फोन आला, मागोमाग ड्रॉइंग आलं. पण पुतण्या म्हणतो, "काका, परचेसची माणसं आता लिंक्डइनवर असतात." प्रोफाइल त्यानंच काढून दिलं.

तीन महिन्यांत ११ पोस्टी टाकल्या. त्यांचा साचाही त्यानंच आणला, म्हणजे साचे बनवणाऱ्याला आयता साचा! प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, मध्ये एक रिकामी ओळ, ओळीच्या तोंडाला रॉकेट नाहीतर हिरवी टिकली, शॉपचं नाव ठळक अक्षरांत, खाली १५ हॅशटॅग. मजकूर इंग्रजीत, पण अर्थ एवढाच की गुणवत्ता हीच आमची ओळख, अचूकता हाच आमचा ध्यास. वाचून मलाच वाटलं, हे तर आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्याच्या पिशवीवर पण आहे.

शेवटच्या पोस्टीला १७ लाइक. चार घरचे, एक विमा एजंट, बाकीचे लोकांना प्रेरणा देणारे. चौकशी शून्य.

तर विचारायचं हे, की फॉरमॅट नक्की कसा ठेवायचा? ठळक अक्षरं, पीडीएफ, मराठी का इंग्रजी? जे असेल ते स्पष्ट सांगा, राग नाही.

चहा_कमी_साखर

दादा, मिठाईच्या पिशवीचं तुम्हीच ओळखलंत, माझं अर्धं काम झालं. चाकणमधल्या दोन कंपन्यांसाठी हेच लिहिण्याचं काम करतो, म्हणून यांत्रिक गोष्टी आधी सांगतो.

पोस्टीला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे, पण तिचा विचार सोडा. फीडमध्ये वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं 'सी मोअर'च्या आत. तुमच्या त्या दोन ओळी रॉकेट आणि रिकाम्या जागेत गेल्या. रिकामी ओळ हवी, पण विषय वळतो तिथं. दर वाक्याला दिली की किराणा मालाची यादी वाटते. हॅशटॅग तीनच्या वर नको. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून चढवता येते आणि लोक पानं सरकवत बघतात. पण त्यात दाखवण्यासारखे टप्पे असतील तरच. आणि फोटोत गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर आला नाही ना, हे दोनदा बघा. एका फोटोपायी काम हातचं गेलेलं मी पाहिलंय.

आता माझा प्रश्न. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठल्या कामानं तुमचं डोकं खाल्लं? पोस्ट लिहू नका, कट्ट्यावर सांगाल तसं सांगा.

कानानं_वाचते

ठळक अक्षरांबद्दल मला बोलायलाच हवं. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर वाचते. लिंक्डइनच्या साध्या पोस्टीत ठळक करायची सोयच नाही. वेबसाइटवरून जी ठळक अक्षरं आणून चिकटवता ती युनिकोडमधली गणिताची चिन्हं असतात. तुमच्या शॉपचं नाव मला "मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल" असं एकेक अक्षर करत ऐकू येतं, किंवा तिथं नुसतीच शांतता. एनव्हीडीएत आता यावर सेटिंग आहे, पण प्रत्येकानं ती लावलेली नसते. शिवाय नेहमीच्या अक्षरांत नाव शोधणाऱ्याला ते सापडेलच असं नाही. देवनागरीला अशी ठळक चिन्हंच नाहीत, तेवढी आपली सुटका!

रॉकेटंही एकेक वाचली जातात, हो. सहा ओळी, सहा "रॉकेट". आणि फोटोला ऑल्ट टेक्स्टची सोय आहे, तिथं एक वाक्य लिहाल का? पॅटर्न कसा असतो ते मलाही कळू दे.

शिरोलीकर_पॅटर्न

ताई, माफ करा, हे डोक्यातच आलं नव्हतं. ठळक आजच काढतो.

डोकं खाल्लेलं काम? ब्रॅकेटचं. ड्रॉइंगमध्ये एक बॉस, म्हणजे उभा गोल उंचवटा, ७० मिमी उंच आणि टेपर, म्हणजे पॅटर्न वाळूतून सुटायला बाजूंना देतात तो उतार, शून्य. पॅटर्न आमचा नव्हता, दुसरीकडून आलेला. दर साच्यात पॅटर्न उचलताना तिथली वाळू तुटायची. मोल्डर हातानं डागडुजी करायचा, ती वाळू मेटलमध्ये जायची, आणि डिझाइनवाले फाउंड्रीच्या वाळूला नावं ठेवायचे. ४० कास्टिंगांत ९ रिजेक्ट. माझ्याकडे आला तो "नवा पॅटर्न करा" म्हणून. मी म्हटलं नवा कशाला, याच बॉसला दीड अंश टेपर देऊ. आधी मशीन शॉपला फोन करून विचारलं, तुमचं फिक्स्चर, म्हणजे कास्टिंग पकडायचं साधन, त्या बाजूवर टेकतं का? नाही म्हणाले. ड्रॉइंगवर लेखी होकार घेतला, बुडाशी एका बाजूला १.८ मिमी मटेरियल वाढवलं. पुढच्या ४० मध्ये १ रिजेक्ट, तोही दुसऱ्याच कारणानं. नव्या पॅटर्नचे पैसे गेले म्हणून कारागीर माझ्यावर चिडला, ते वेगळं.

चहा_कमी_साखर

दादा, ही पोस्ट आहे! वर एवढंच टाका:

"७० मिमी उंच बॉस, टेपर शून्य. ४० कास्टिंगांत ९ रिजेक्ट, आणि नावं वाळूला."

खाली तुमचंच सगळं, तीन परिच्छेदांत. मशीन शॉपला केलेला फोन अजिबात गाळू नका, परचेसवाल्यापेक्षा क्वालिटीवाला तिथं थांबेल. कारागीर चिडला तेही ठेवा. "आम्ही प्रामाणिक आहोत" असं मग वेगळं लिहावं लागत नाही.

भाषेचं म्हणाल तर गिऱ्हाईक कुठलं ते बघा. कोल्हापूर-सांगलीसाठी मराठी बिनधास्त. राजकोट, कोइमतूरकडचं काम हवं असेल तर हेच साध्या इंग्रजीत, "थ्रिल्ड" न होता. एकाच पोस्टीत दोन्ही कोंबू नका. आणि त्या ३,००० च्या मोजणीत मराठीचे काना, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात, 'स्त्री' दिसायला एक पण मोजणीला सहा.

भट्टीवरचा

मी ३० वर्षं फाउंड्रीत काढली. लाइकवर कुणी ऑर्डर देत नाही, रेट आणि डिलिव्हरी बघतात. पण टेपरची गोष्ट वाचली आणि आमच्याकडचा एक पंप केसिंग आठवला, हे खरं.

फोटोचं सुचवतो. बॉसला गुण्या लावा आणि मागून उजेड सोडा. फट दिसली की टेपर दिसला, समजावत बसायला नको. आणि पुढं कधीतरी ओतलेला धातू थंड होताना आकसतो त्यावर लिहा. करड्या बिडाला मीटरमागं साधारण १० मिमी, स्टीलला २०. बिडाच्या पॅटर्नवर स्टील ओतून मागणारे अजून भेटतात. त्यांनी वाचलं तर आमचेही फोन वाचतील.

शिरोलीकर_पॅटर्न

गुण्याचं भारी सांगितलंत, काका. पण तो पॅटर्न फाउंड्रीत आहे. त्यांना फोन केला, म्हणाले फोटो काढा, नंबरची पट्टी झाकून काढा. सोमवारी जातो. ताई, ऑल्ट टेक्स्ट असा लिहिलाय, चालेल का बघा: "अ‍ॅल्युमिनियमच्या पॅटर्नवर उभा गोल खांब, त्याला गुण्या टेकवलेला. बुडाशी दोन्ही चिकटलेत, वर जाताना मध्ये उजेडाची फट रुंद होत जाते."

कानानं_वाचते

चालेल. फक्त खांब केवढा ते घाला, माझ्या डोळ्यापुढं विजेचा आला.