'कट्यार'चा नवा संच: वसंतरावच ऐकायचे होते तर घरी रेकॉर्ड लावायची

निषाद

गेल्या शनिवारी एका संस्थेने नव्या संचात केलेला 'कट्यार काळजात घुसली'चा प्रयोग पाहिला. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मंडळी नोकऱ्या सांभाळून नाटक करतात, इथल्या भांडणात त्यांची फरपट नको. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच, ती आपल्या प्रेक्षकांबद्दल आहे.

तिसरी घंटा झाल्यापासून माझ्या मागच्या रांगेत एक काका प्रत्येक तान गाणाऱ्याच्या आधी पूर्ण करत होते. नाटकातला मुख्य गायक खाँसाहेब झालेल्या तरुणाने 'तेजोनिधी लोहगोल' या पदात स्वतःच्या अंदाजाने एक जागा, म्हणजे सुरांचं एक खास वळण, घेतली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अगदी झोकात आला, आणि काका शेजाऱ्याला म्हणाले, "वसंतराव असं घेत नसत." मध्यंतरात वड्याच्या रांगेतही हेच. आवाज चांगला आहे हो, पण वसंतराव नाहीत. नाहीतच. मूळ संचातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले!

नाटक आलं १९६७ साली. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा. वसंतरावांनी खाँसाहेब इतका मोठा केला की ती भूमिका त्यांच्या नावावर सातबाऱ्यासारखी चढली. मान्य. पण पणशीकरांच्या संस्थेनेही पुढे दुसरे गायक उभे केलेच ना? २०१० साली सुबोध भावेने नाटक नव्याने बसवलं, राहुल देशपांडे खाँसाहेब आणि महेश काळे सदाशिव, तेव्हाही हीच कुजबुज होती. राहुल तर नातूच. आजोबा गेले तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता, गाणं शिकला ते दुसऱ्या गुरूंकडे. तरी लोक त्याच्या गळ्यात आजोबाच शोधत बसले.

गंमत अशी की गाण्यात पंडितजींना हरवून खाँसाहेब त्यांच्या हवेलीत येतात तेव्हाचं पद आहे 'या भवनातील गीत पुराणे'. जुने मवाळ सूर इथून जाऊ द्या, असं तो माणूस बजावून सांगतो. त्या पदाला शनिवारी टाळ्यांचा पाऊस पडला, आणि टाळ्या देणाऱ्यांना हवं होतं ते पुराणं गीतच, त्याच हरकतींसकट.

नव्या माणसाला नव्याने ऐकायचंच नसेल तर तिकीट कशाला काढायचं?

पेठकरकाका

मागच्या रांगेतला काका मी नव्हे, हे आधी नमूद करतो. पण त्याची बाजू घेतो.

निषाद, तू नाटक विसरलास. 'सौभद्र'मध्ये एखादं पद पडलं तरी कृष्णाची चतुराई, नारदाच्या कळा, भटजींचे विनोद यावर नाटक तरून जातं. 'कट्यार'ला ही सोय नाही. सदाशिव नावाचा मुलगा पंडितजींकडे शिकायला येतो, पाहतो तर हवेलीत त्यांना हरवणारा खाँसाहेब. ज्याचा राग यायला हवा त्याच्याच घरात तो नोकर होऊन राहतो, का? तर त्याचं गाणं चोरून ऐकायला मिळावं म्हणून. आता ते गाणं ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो नाही, तर सदाशिव मला खुळा वाटतो. मग खाँसाहेबाची मुलगी झरीना, पंडितजींची मुलगी उमा, राजाची ती एक खून माफ असलेली कट्यार, सगळंच लटकं पडतं. खाँसाहेबाचं गाणं 'बरं' असून चालत नाही.

मीही तोच प्रयोग पाहिला. आवाज गोड आहे, सुरात आहे. पण पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, उतरवलेली होती आणि तानेला धार नव्हती. वसंतरावांची तान कुठून सुटेल आणि कुठे उतरेल याचा पत्ता लागत नसे. अभिषेकीबुवांनी पदं बांधली ती हा गळा समोर ठेवून. म्हणून तुलना होते. तिला स्मरणरंजन म्हणून उडवून लावू नकोस.

आणि किती छाटलंय! पावणेतीन तासांत बसवायचं म्हणून बाँकेबिहारीचे प्रवेश निम्मे केले. तो कविराज नुसता हसवायला नाही. दोन घराण्यांच्या मधोमध उभा राहून भाष्य करणारा एकटा तोच आहे.

तिसरीघंटा

काका, पावणेतीन तास छाटलेले वाटतात? रात्री साडेनऊच्या प्रयोगाला पूर्ण संहिता घेतली तर शेवटची लोकल जाते.

पेठकरकाका

मग दुपारी चारला लावा.

अनघा_म

मला वेगळंच दिसलं. माझ्या शेजारी कॉलेजातल्या चार मुली होत्या. पहिल्या अंकानंतर एकीने विचारलं, "'सूर निरागस हो' कधी आहे?" मी म्हटलं, ते २०१५ च्या चित्रपटातलं, नाटकात नाही. 'दिल की तपिश' पण नाही? नाही. 'मन मंदिरा'? तेही नाही. बिचारीचा चेहरा पडला.

म्हणजे काका, जुन्या संचाशी तुलना तुमची एकट्याची राहिलेली नाही. तुम्हाला १९६७ चे वसंतराव हवेत, त्यांना शंकर महादेवन हवेत. स्टेजवरचा मुलगा दोघांच्या मध्ये सापडलाय. पण सांगण्यासारखं पुढे आहे. 'घेई छंद मकरंद' दुसऱ्यांदा आलं, तेच शब्द दुसऱ्या चालीत आणि दुसऱ्या मिजाशीत, तेव्हा त्यातली एक कुजबुजली, "अगं, हे तेच गाणं आहे!" घराणं म्हणजे काय हे तिला कोणी व्याख्यान न देता कळलं. तान कमी धारदार होती म्हणून ते कळायचं थांबलं नाही.

पेठकरकाका

ते अभिषेकीबुवांचं श्रेय. नव्या संचाचं काय त्यात?

अनघा_म

त्यांनी ते त्या दिवशी गायलं, हे.

साथीदार

संगीत नाटकांना ऑर्गन-हार्मोनियमची साथ करत आलोय, म्हणून खालच्या खड्ड्यातून दिसतं ते सांगतो.

काका म्हणतात पट्टी उतरवली. उतरवणारच. प्रत्येकाने आपापल्या पट्टीत गावं, उसन्या पट्टीत गळा फाडून पुढच्या प्रयोगाला आवाज बसवून घेऊ नये. वसंतरावांच्या पट्टीत गायलं की वसंतराव होता येतं हा गैरसमज गायकांमध्येही आहे आणि त्याने गळे गेलेत.

खरी अडचण दुसरीच आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. पूर्वी गायकनट डोळ्यांनी खूण करायचा, आम्ही सूर धरून ठेवायचो, तो प्रेक्षक बघून पद वाढवायचा. वन्स मोअर आला की पुन्हा मुखड्यावर. आता गालावर माईक चिकटवलेला, प्रकाशयोजना ठरलेल्या सेकंदाला बदलणार, विंगेत कोणीतरी घड्याळ दाखवतंय. गाणाऱ्याला वाढवायचं असलं तरी जागा नाही. मग तो बसवलेलं गातो. तानेला धार नाही म्हणता, ती तालमीत होती. दोन वेळा अंगावर काटा आला माझ्या. प्रयोगात ती आली नाही, कारण तालमीत कोणी थांबवत नव्हतं.

माईकबद्दल एक. कुजबुज आणि तार सप्तक एकाच मापाने ऐकू येतं, त्यामुळे फेक नावाची गोष्टच उरत नाही. मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला छाती लागायची, त्या छातीने गाणंही उभं राहायचं. नव्या मुलांना ती सवयच लागत नाही. यात निषादही चूक आणि काकाही चूक, राग मानू नका.

निषाद

राग कसला, पण चूक कुठे ते कळू दे. मी म्हणतोय प्रेक्षकांनी नव्याला जागा द्यावी. तुम्ही म्हणताय व्यवस्था जागा देत नाही. एकाच बाजूला आहोत की.

साथीदार

नाही. जागा दिली आणि गाणं उतरलं नाही, तर "वसंतराव असं घेत नसत" म्हणायचा हक्क त्या काकांना आहे. फक्त प्रयोग चालू असताना नाही.

मडगांवकर

हे वाचून आम्हा गोंयकारांना हसू येतं. अभिषेकी मंगेशीचे, १९६७ चे सदाशिव प्रसाद सावकार आमचेच, तेव्हा 'कट्यार' अर्धी आमची समजा.

आमच्याकडे देवळाच्या जत्रेला गावचीच माणसं संगीत नाटक करतात. 'सौभद्र', 'संशयकल्लोळ', 'मत्स्यगंधा'. यंदाचा अर्जुन बँकेत असतो, पुढच्या वर्षी त्याची बदली झाली की दुसरा उभा राहतो. नवा संच म्हणून कोणी जाहिरात करत नाही, कारण संच दर वर्षी नवाच असतो. लोक पहाटेपर्यंत बसतात, चुकलं तर तोंडावर सांगतात, जमलं तर बक्षीस लावतात.

तुमच्याकडे नाटक वर्षानुवर्षं बंद राहतं, मग एकदम 'पुनरुज्जीवन' होतं. मधल्या काळात जुन्या माणसाचा देव झालेला असतो. देवाच्या जागी उभा राहणारा नेहमी लहानच दिसणार. दर वर्षी दहा खाँसाहेब ऐकले असते तर काकांनीही तान मोजली नसती, माणूस ऐकला असता.

पेठकरकाका

मडगांवकर, हे पटण्यासारखं आहे. तरी गावच्या जत्रेची माया आणि चारशे रुपयांचं तिकीट यांना एकच माप लावू नका. तिकीट लावलं की तुलना येणारच.

बेएरियाकर

इथे अमेरिकेत मंडळाच्या कार्यक्रमांत नाट्यपदं पुष्कळ होतात, पण अख्खं संगीत नाटक क्वचित. पदं सुटी ऐकून ऐकून आमच्याकडे 'कट्यार' म्हणजे गाण्यांची मैफल झाली आहे. मुलाला गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, त्यात गोष्टही आहे?

रंगपट

इतिहासाचं एक सांगतो, कारण 'मूळ संच' हा शब्द इथे फार पवित्र झालाय.

किर्लोस्कर नाटक मंडळीतले गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. 'शाकुंतल'मधली शकुंतला त्यांची, 'सौभद्र'मधली सुभद्रा त्यांची. चढा, पल्लेदार आवाज. त्यांच्यामागे किर्लोस्कर मंडळीचं कसं होणार ही चिंता साहजिक होती. १९०५ साली नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मंडळीत आले आणि शकुंतला म्हणूनच उभे राहिले. गायकी वेगळी, ठेवण वेगळी, लाडिकपणा नवा. पुढच्या पिढीला तीच पदं बालगंधर्वांची वाटू लागली. आज 'सौभद्र'च्या पदात बालगंधर्वांची जागा चुकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी भाऊरावांची जागा कोणाला माहीत आहे? ध्वनिमुद्रणाचा पसारा तेव्हा आजच्यासारखा नव्हता, हे बालगंधर्वांचं भाग्य.

१९२१ चं संयुक्त 'मानापमान' घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नट एकाच रंगमंचावर. लोक वाट्टेल ते पैसे मोजून गेले ते नवा संच पाहायलाच. संच बदलणं हा तेव्हा सणासुदीचा प्रसंग होता, आता आपण त्याला सुतक लागल्यासारखे बसतो.

तिसरीघंटा

रंगपट, पण त्यात एक मेख आहे. बालगंधर्वांनी भाऊरावांची नक्कल केली नाही. आताची मुलं यूट्यूबवर वसंतराव ऐकून तीच तान बसवतात. शनिवारच्या खाँसाहेबाने ज्या एका ठिकाणी स्वतःची जागा घेतली तेवढीच मला आठवते. बाकीचं हुबेहूब करायचा प्रयत्न होता आणि म्हणूनच कमी पडला. प्रेक्षक तुलना करतात असं म्हणता, तुलना आधी त्या गायकानेच मान्य केली होती की.

निषाद

हे मला पटतंय आणि माझ्याच मुद्द्याला छेद देतंय. तरी सांगतो, त्या एका जागेला टाळी आली नाही. मी दिली, शेजारच्याने वळून पाहिलं. हुबेहूब तानांना मात्र कडकडाट. गाणाऱ्याने यातून काय शिकायचं?

अनघा_म

'घाशीराम कोतवाल' नाटक आठवा. १९७२ ला आलं, नंतर रंगमंचावर नटांनी उभं राहून केलेल्या त्या माणसांच्या भिंतीत किती पोरं आली आणि गेली. भिंतीतल्या बदलीबद्दल कोणी हळहळलं नाही, पण त्यातला नाना फडणवीस म्हटलं की मोहन आगाशेच. आपलं दुखणं सगळ्या संचाचं नाहीच, एका खुर्चीचं आहे. शनिवारी झरीना झालेली मुलगी अप्रतिम होती. इतकी पोस्टं झाली, तिच्याबद्दल एक ओळ कोणी लिहिली?

पेठकरकाका

झरीना उत्तम होती. बापाच्या गाण्याचा अभिमान आणि बापाची भीती एकाच नजरेत आणली तिने. बोलताना उर्दूचा लहेजाही सांभाळला. आधी लिहायला हवं होतं.

मीच_तो_विंगेतला

जुनी नाटकं पुन्हा पुन्हा करायचीच कशाला? 'देवबाभळी' पाहा. २०१७, प्राजक्त देशमुख, रंगमंचावर दोनच बायका, दोघी स्वतः गातात, नाटक नवं. तिथे कोणी म्हणालं का की अमुक असं घेत नसत? तुलना टाळायची तर नवं लिहा.

रंगपट

आणि 'देवबाभळी' अजून तीस वर्षांनी दुसऱ्या दोघी करतील तेव्हा? तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत असाल, बघा.

साथीदार

संस्थेचा पुढचा प्रयोग येत्या रविवारी दुपारी चारला आहे. (काका, ऐकताय ना?) साथीला मी नाही, त्यामुळे जाहिरात समजू नका. खाँसाहेब तोच मुलगा. त्याला इथली चर्चा कोणीतरी वाचून दाखवली आहे. फोनवर म्हणाला, 'तेजोनिधी'तली ती जागा या वेळी काढून टाकू का? मी सांगितलं, दोनदा घे.

पेठकरकाका

येतो. दुसऱ्या वेळीही समेवर आला नाही तर इथे लिहीन.