मुरुडशेंग जास्वंदीच्या कुळात कशी?

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पायथ्याची मुरुडशेंग (पिळदार शेंगांचं झुडूप) जुन्या पुस्तकात स्टर्क्युलिएसी कुळात आणि नव्या यादीत माल्व्हेसीत, म्हणजे जास्वंदीच्या कुळात कशी, असा प्रश्न पडतो. दोन्ही आपापल्या काळी बरोबरच. १९९८ च्या एपीजी (सपुष्प वनस्पतींच्या नात्यांवर काम करणारा संशोधकांचा गट) वर्गीकरणात डीएनएच्या आधारे स्टर्क्युलिएसी, टिलिएसी, बॉम्बेकेसी ही कुळं माल्व्हेसीत विलीन झाली. त्यामुळे धामण, काटेसावर ही झाडंसुद्धा आता जास्वंदीच्या भावकीतली. (मला हे पटतं, जुन्या सीमा तशाही पुसटच होत्या.)

फुलं पाहिली तर फरक अजूनही दिसतो. जास्वंद, पेटारीत पुंकेसरांची नळी स्त्रीकेसराभोवती असते आणि परागकोश एककप्पी. मुरुडशेंगेत पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही एका लांब दांड्याच्या टोकाला. आणि रानभेंडीला हिबिस्कस (जास्वंदीची प्रजाती) म्हणू नका. तिचा निदलपुंज (पाकळ्यांखालचा हिरवा पेला) एका बाजूने फाटतो, पाकळ्यांबरोबरच गळतो. ती अबेलमोस्कस, म्हणजे भेंडीच्या प्रजातीतली.