नुसत्या बस वाढवून भागणार नाही

बसगाड्यांची संख्या दुप्पट केली की शहरातल्या वाहतुकीचा प्रश्न सुटेल, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. गाड्या हव्यातच. पण त्या मोटारींच्याच कोंडीत उभ्या राहणार असतील तर उपयोग काय? साधा हिशेब बघा. जाऊन-येऊन फेरीला ४० मिनिटं लागत असतील, तर दर १० मिनिटांनी बस सोडायला ४ गाड्या पुरतात. कोंडीमुळे तीच फेरी ८० मिनिटांची झाली की तेवढ्याच सेवेला ८ गाड्या आणि दुप्पट चालक लागतात. म्हणजे वाढवलेल्या सगळ्या गाड्या कोंडीच गिळून टाकते.

म्हणून आधी बसला स्वतःची मार्गिका द्या. ब्राझीलमधल्या कुरितिबाने हे १९७४ मध्येच सुरू केलं. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने २००४ मध्ये रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका वाढवल्या आणि सोबत बस व मेट्रोचं भाडं अंतरानुसार एकत्र केलं. हे दुसरं काम मला तितकंच मोलाचं वाटतं, कारण गाडी बदलली की नव्याने पूर्ण तिकीट काढावं लागत असेल तर माणूस दुचाकीच काढणार.

मार्गिकेसाठी रस्त्याकडेचं पार्किंग हटवावं लागेल, त्यावर ओरड होईल. होऊ द्या! एका उभ्या मोटारीसाठी बसभर माणसांनी खोळंबून राहायचं, हे मला मुळीच पटत नाही. आणि थांब्यापर्यंतचे पदपथ? तेही मार्गिकेच्याच आराखड्यात, तिच्याच निधीतून व्हायला हवेत.