मदत हवी आहे: इंजिन तापलं की ऑइलचा दिवा लुकलुकतो
घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रांगलं की आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. थंड इंजिनावर काही नाही. चार सिलिंडर पेट्रोल, १,१०,००० किमी. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर, ५डब्ल्यू-३० ऑइल आणि फिल्टर ८०० किमीपूर्वीच बदललेत. प्रेशर स्विच (ऑइलचं प्रेशर घटलं की हा दिवा लावणारा) नवा टाकला, तरी तेच. मग स्विचच्या जागी प्रेशर मोजणारा गेज लावला: गरम असताना आयडलला ०.४ बार, २००० आरपीएमला १.६. म्हणजे दिवा खरं बोलतोय. खालून ठोक्याचा आवाज नाही. जाड ऑइल टाकून दिवा झाकायचा नाहीये. गाडी उभीच ठेवलीय. गॅरेजवाला थेट इंजिन उतरवा म्हणतो. त्याआधी चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलून स्ट्रेनर (ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी) आणि पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) बघण्यात अर्थ आहे, की या आकड्यांवरून इंजिनातल्या क्रँकशाफ्टची बेअरिंगच झिजलीत समजायचं?