वर्गातल्या 42 मुलांसाठी वाढदिवसाचा खाऊ: पावसाळ्यात काय देता येईल?

ठाण्याची आई

लेकीचा पाचवा वाढदिवस जुलैत आहे. सीनियर केजी, वर्गात 42 मुलं. शाळेने आधीच सांगितलंय: केक नको, चॉकलेट नको, रिटर्न गिफ्ट नको. घरचा, कोरडा, दोन घासांत संपेल असा खाऊ चालेल. मला हा नियम मनापासून पटतो. आधी प्रत्येक वाढदिवसाला भेटींच्या पिशव्या घरी यायच्या आणि मग कोणाची पिशवी मोठी, यावर मुलांची चर्चा व्हायची.

आता अडचण अशी की वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, चांगलीच तीव्र. म्हणजे चिक्की बाद, दाण्याचे लाडू बाद. राजगिऱ्याचे लाडू मनात होते, पण विकतच्या लाडवांत बऱ्याचदा दाणे असतात. दोन मुली जैन घरातल्या, म्हणजे अंडं घातलेलं काही नको. चुरमुऱ्याचे लाडू केले तर या हवेत सादळणार.

मला सगळ्यांना एकच गोष्ट द्यायची आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी वेगळा बिस्कीटपुडा काढायचा नाही. पाच वर्षांच्या मुलाला आपल्याला बाजूला काढलंय हे बरोबर कळतं. आणि लेकीला स्वतःच्या हाताने वाटता यायला हवं. ऑफिसमधून आल्यावर आदल्या संध्याकाळी होईल असं काही सुचवा ना.

रावेरचे गुरुजी

ताई, केळी द्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आमचा भाग केळीचाच. आमच्याकडे वाढदिवसाला पालक पोषण आहाराच्या खिचडीबरोबर सगळ्या शाळेला केळी किंवा शिरा देतात. स्नेहभोजन म्हणतो आम्ही त्याला. कोणाचा वाढदिवस आहे ते परिपाठात सांगतो आणि ते मूल स्वतः वाढायला उभं राहतं. तुमच्याकडे वसईची वेलची केळी मिळतील, लहान मुलांना एक पुरते. 42 म्हणजे साडेतीन डझन. करायची खटपट नाही, सादळायची भीती नाही.

बालवाडीच्या बाई

गुरुजींची सूचना चांगली आहे, पण पाच वर्षांच्या 42 मुलांच्या साली, चिकट हात आणि एकटी बाई हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं! वर्गात मदतनीस मावशी असतील तर जरूर द्या.

मी सांगली जिल्ह्यात बालवाडी चालवत होते. माझं मत विचाराल तर गूळपापडीच्या वड्या. दाणे नाहीत, अंडं नाही, आणि तुपातली असल्यामुळे पावसातही घट्ट डब्यात चांगली राहते. माप: 2 वाट्या कणीक, 1 वाटी तूप, दीड वाटी बारीक चिरलेला गूळ, वेलची. यात लहान वड्या तीसेक होतात, तुम्ही दीडपट घ्या.

कणीक तुपात मंद आचेवर भाजायची. घाई करू नका. आधी गोळा घट्ट वाटतो, मग तूप सुटायला लागतं, रंग बदामी होतो आणि वास घरभर जातो. मग गॅस बंद. दोन मिनिटं थांबून गूळ घाला. गॅस चालू असताना गूळ घातला की पाक होतो आणि वडी दाताला चिकटते, लहान मुलांना ती चावत नाही. गूळ साधाच घ्या, चिक्कीचा नको. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापा, गरम असतानाच सुरीने रेघा मारा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय काढू नका.

वाटायला घरातले कागद वापरू नका, वर्तमानपत्राची शाई खाऊला लागते. बटर पेपरचे चौकोन कापून द्या. आणि बाईंना सांगून डबा खाण्याच्या सुट्टीतच वाटा, तेव्हा हात धुतलेले असतात.

पिंपरीचा बाबा

माझ्याच मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून लिहितोय. वेगळा पुडा नको हे तुम्ही स्वतःहून म्हणालात, वाचून खूप बरं वाटलं. माझा मुलगा बहुतेक वाढदिवसांना खाऊ दप्तरात ठेवून घरी आणतो, न खाता.

एकच विनंती. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचा कूट सगळीकडे असतो. ज्या भांड्यात कूट होतो तेच वेलची कुटायला घेऊ नका. कढई, उलथनं, ताट, डबा आधी साबणाने स्वच्छ घासा. ताटाला लावायला तूपच, शेंगदाणा तेल नको. किराणा दुकानात सुटा गूळ बऱ्याचदा दाण्यांच्या पोत्याशेजारीच असतो, त्यामुळे पॅकबंद घ्या आणि त्यावरची सूचनाही वाचा. आणि त्या मुलाच्या आईला आधी फोन करा. काय काय घातलंय ते सांगा, पाकिटांचे फोटो पाठवा. तरीही ती नको म्हणाली तर राग मानू नका, त्या घरात रोज याच काळजीत दिवस जातो.

ठाण्याची आई

सगळ्यांचे आभार. बाबा, कुटाचं भांडं माझ्या लक्षातच आलं नसतं. त्या मुलाच्या आईशी आत्ताच बोलले. तिला गूळपापडी चालेल, कोणत्या कंपनीचं तूप तेवढं कळव म्हणाली. जैन मुलींच्या घरीही विचारून घेते. वड्या 45 करते, म्हणजे मावशी आणि बसच्या काकांनाही मिळतील. बाई, दीडपट घेतलं तर एका ताटात मावेल का?

बालवाडीच्या बाई

नाही, दोन ताटं घ्या. एकात थापलंत तर वडी जाड होते, आणि लहान मुलं ती अर्धी चावून अर्धी हातात धरून बसतात. मिश्रण भराभर घट्ट होतं, म्हणून दोन्ही ताटांना गॅस बंद करायच्या आधीच तूप लावून ठेवा.