मदत हवी आहे: एमझेडच्या रेसिंग गाड्या कुठे बघाव्यात?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात भाच्याकडे जर्मनीत केम्निट्झला जातोय. तिथून झ्शोपाऊ जवळच, म्हणजे एमझेड या पूर्व जर्मन मोटारसायकल कंपनीचं गाव.

आरएक्स १०० च्या सायलेन्सरवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना वाल्टर काडेन, म्हणजे एमझेडची टू-स्ट्रोक रेसिंग इंजिनं घडवणारा इंजिनिअर, हे नाव सांगायला नको. पूर्व जर्मनीतला कारखाना, पैशाची चणचण, चांगला माल मिळायची मारामार. तरी या माणसाने १९६१ पर्यंत १२५ सीसीतून सुमारे २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे २००! त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, काडेनची टू-स्ट्रोक विद्या सुझुकीकडे गेली आणि १९६२ साली तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. एमझेडला रोड रेसिंगचं जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. माझी सहानुभूती काडेनलाच.

तर, ऑगस्टुसबुर्ग आणि झ्शोपाऊचा विल्डेक, दोन्ही किल्ल्यांत मोटारसायकलींचं संग्रहालय आहे. माझ्या हातात एकच दिवस. रेसच्या गाड्या, विशेषतः उघडं इंजिन आणि एक्झॉस्ट, जवळून कुठे बघायला मिळेल? कुणी गेलं असेल तर सांगा. फोटो काढू देतात का?

दुसरं, जरा तांत्रिक. एक्स्पान्शन चेंबरच्या (टू-स्ट्रोकचा मधे फुगीर एक्झॉस्ट पाइप) निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते, इथपर्यंत कळतं. पण लाटेचा वेग तापमानावर अवलंबून. मग ठरावीक आरपीएमसाठी पाइपची लांबी काढताना आतल्या वायूचं तापमान किती धरायचं? स्वतः चेंबर वळवून वेल्ड केलेल्यांनी जरूर लिहा, भाचा गणित मागतोय.